रात्री तीनला जाग येते? मग आधी सकाळी उठायची वेळ पकडा

मागच्या वर्षी जवळजवळ चार महिने मला रोज रात्री तीनच्या सुमारास जाग यायची. कधी दोन पन्नास, कधी तीन दहा, पण तिथल्या तिथेच. पंख्याची घरघर, समोरच्या बिल्डिंगच्या जिन्यातला पिवळा लाईट, आणि माझ्या डोक्यात उद्याचा डबा, लेकीच्या क्लासची फी, ऑफिसमधलं राहिलेलं काम, सगळं एकदम जागं. मग मोबाईल उचलून वेळ बघायची आणि हिशोब सुरू, आत्ता झोप लागली तर अडीच तास मिळतील, मग दोन, मग दीड, आणि नेमका साडेपाचचा अलार्म वाजायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी डोळा लागायचा. मग उठून डबे, डोंबिवलीची ती गर्दी, आणि दिवसभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं. ज्यांना हे होतं त्यांना वेगळं सांगायला नको.

यावर मी जे केलं ते कुणीही करेल, लवकर झोपायला लागले. जेवणं आटपली की साडेनऊला अंथरूण. झोप कमी पडतेय ना, मग झोपेला जास्त वेळ देऊ, साधा हिशोब. आणि त्यानेच सगळं अजून बिघडलं. असं का झालं ते कळायला मला बराच वेळ लागला, डॉक्टरांशी बोलले, खूप वाचलं, आणि जे कळलं ते इतकं रोजच्या कामाचं आहे की हे आपल्याला शाळेतच का नाही शिकवलं असं वाटतं, म्हणून सगळं एका जागी लिहितेय.

तर बघा, आपली झोप दोन गोष्टींवर चालते. एक म्हणजे झोपेचा दाब आणि दुसरं म्हणजे शरीरातलं घड्याळ. ही मांडणी १९८२ साली झुरिकच्या अलेक्झांडर बोर्बेली या शास्त्रज्ञांनी केली आणि झोपेचे डॉक्टर आजही याच पायावर समजावतात.

आधी दाबाचं बघू. आपण जागे असतो तोवर मेंदूतल्या पेशी काम करतात, इंधन जाळतात, आणि त्यातून अ‍ॅडेनोसिन नावाचं एक रसायन साठत जातं. जितका वेळ जागे तितकं ते जास्त आणि ते जितकं जास्त तितके डोळे जड. झोपलं की हळूहळू त्याचा निचरा होतो आणि सकाळी पाटी बऱ्यापैकी कोरी. आपल्याकडे ‘भुकेला कोंडा, निजेला धोंडा’ म्हणतात ना, ते हेच, दिवसभर शेतात राबलेल्या माणसाचा दाब इतका चढलेला असतो की डोक्याखाली दगड असला तरी त्याला फरक पडत नाही. आणि आपण हजारो रुपयांची गादी घेतो, उशा बदलतो, पण संध्याकाळी सातला सोफ्यावर टीव्हीसमोर अर्धा तास पेंगून घेतो आणि दिवसभर साठवलेला दाब तिथेच सोडून देतो. कुकरची शिट्टी सारखी उचलत राहिलं तर डाळ शिजेल का, तसंच आहे ते.

चहा-कॉफीचं पण इथेच येतं. मेंदूत अ‍ॅडेनोसिनला बसायला जागा ठरलेल्या असतात, तिथे ते बसलं की झोप येते. कॅफीन काय करतं तर त्या जागांवर आधीच जाऊन बसतं, लोकलमध्ये रुमाल टाकून सीट धरतात अगदी तसं. अ‍ॅडेनोसिन कुठे जात नाही, ते उभंच असतं, गर्दी वाढतच असते, फक्त आपल्याला जाणवत नाही. रुमाल उचलला की सगळे एकदम बसतात, आणि म्हणून चहाचा अंमल उतरला की माणूस जास्तच गळून जातो. बरं, हा रुमाल उचलायला किती वेळ लागतो माहितीये? प्यायलेल्या कॅफीनपैकी अर्धं शरीरातून जायला साधारण पाच तास, कुणाला तीन, कुणाला सात. म्हणजे संध्याकाळी सहाला घरी येऊन घेतलेला चहा रात्री अकराला अजून अर्धा आत आहे. २०१३ च्या एका प्रयोगात झोपायच्या सहा तास आधी दिलेल्या कॅफीननेसुद्धा लोकांची तासाभराहून जास्त झोप खाल्ली होती. तो डोस मोठा होता, चारेक कप कडक कॉफीएवढा, आपल्या चहात त्यापेक्षा खूप कमी असतं हे मान्य, पण ऑफिसमधला चारचा कप, स्टेशनबाहेरची कटिंग आणि घरी आल्यावरचा एक, असं मोजत गेलं की बेरीज होतेच. ‘मी रात्री कॉफी पिऊनसुद्धा मस्त झोपते’ म्हणणाऱ्या मैत्रिणी मलाही आहेत, त्यांना झोप लागते हे खरंच आहे, फक्त ती लागलेली झोप गाढ किती असते हा वेगळा प्रश्न आहे. मी दुपारी दोननंतरचा चहा बंद केला आणि सगळ्यात पहिला फरक तिथे दिसला.

आता घड्याळ. डोळ्यांकडून येणाऱ्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर साधारण वीस हजार पेशींचा एक इवलासा पुंजका आहे, तेच आपलं मुख्य घड्याळ. कधी झोप यावी, कधी शरीर थंड व्हावं, कधी भूक लागावी, पहाटे कुठली हार्मोन्स वाढावीत, सगळं हा पुंजका ठरवतो. १९३८ साली नॅथनिएल क्लाइटमन नावाचे शास्त्रज्ञ आपल्या एका विद्यार्थ्याला घेऊन अमेरिकेतल्या मॅमथ केव्ह या गुहेत ३२ दिवस जाऊन राहिले, ऊन नाही, दिवस-रात्र नाही, आणि तिथे त्यांनी २८ तासांचा दिवस जगायचा प्रयत्न केला. तरुण विद्यार्थ्याला ते थोडंफार जमलं, पण क्लाइटमन यांचं शरीर काही केल्या २४ तासांची लय सोडेना. हे घड्याळ पेशींच्या आत चालतं कसं, त्यातले जीन्स कुठले, याच्या शोधासाठी २०१७ चं नोबेल मिळालं, जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघांना, आणि तो शोध लागला कशावर तर पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या त्या बारीक चिलटांवर.

यात कामाची गोष्ट अशी की माणसाचं हे घड्याळ बरोब्बर २४ तासांचं नाहीये, सरासरी दहा-बारा मिनिटं जास्तीचं आहे. म्हणजे रोज लावलं नाही तर ते रोज थोडं थोडं मागे पडत जाणार. आणि ते लावायची किल्ली म्हणजे सकाळचा उजेड. डोळ्यात वेगळ्या पेशी असतात ज्या बघण्याच्या कामाच्या नाहीत, त्या फक्त उजेड किती आहे हे घड्याळाला कळवतात. घरातली ट्यूबलाईट आपल्याला झगझगीत वाटते पण मोजलं तर शे-दोनशे लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप), फार तर तीनशे, आणि बाहेर ढगाळ हवेतसुद्धा हजारोंमध्ये असतं. डोळे जुळवून घेतात म्हणून हा फरक कळत नाही. मी आता सकाळचा चहा ओट्याशी न पिता गॅलरीत उभी राहून पिते, दहा-पंधरा मिनिटं, पावसाळ्यात पण, छज्जा आहे त्यामुळे भिजत नाही. सूर्याकडे बघायचं नसतं हं, नुसतं उजेडात उभं राहायचं.

आता माझं साडेनऊला झोपणं का फसलं ते बघा. साडेनऊला माझा दाब पुरता चढलेला नसायचा आणि घड्याळाच्या मते तर अजून झोपेची वेळच झालेली नसायची. मग तासभर नुसती तळमळ. त्यात रात्रीची झोप सगळी सारखी नसते, साधारण दीड तासाची एक फेरी अशा चार-पाच फेऱ्या होतात, पहिल्या दोनेक फेऱ्यांत गाढ झोप जास्त आणि पहाटेकडे स्वप्नांची झोप जास्त. ही स्वप्नांची झोप १९५३ साली शिकागोला सापडली, युजीन असेरिन्स्की आणि हेच ते गुहेवाले क्लाइटमन. प्रत्येक फेरीच्या शेवटी आपण सगळेच क्षणभर जागे होतो, कूस बदलतो, चादर ओढतो, आणि सकाळी आठवतही नाही. म्हणजे तीनला जाग येणं हा काही आजार नाही. तीनपर्यंत गाढ झोपेचा मोठा भाग होऊन गेलेला असतो, दाब बराच उतरलेला असतो, झोप पातळ असते, आणि अशा वेळी मोबाईल उचलून वेळ बघितली, हिशोब केला, की मेंदूला वाटतं काहीतरी गडबड आहे, जागं राहायला पाहिजे. जाग येणं निसर्गाचं, त्यापुढचा दीड-दोन तासांचा जागर मी स्वतः वाढवलेला होता. हे कळलं तेव्हा मला खरंच हायसं वाटलं.

डॉक्टरांनी मला गोळी दिली नाही, आधी एक वही लिहायला सांगितली. लेकीची नववीची गणिताची वही होती, मागची पानं कोरी, त्यात पट्टीने रकाने आखले. अंथरुणात कधी गेले, झोप कधी लागली असेल, मधे किती वेळ जागी, उठले कधी, शेवटचा चहा कधी, दुपारी झोपले का. सगळं सकाळी अंदाजाने भरायचं, रात्री घड्याळ बघायचं नाही, ही अट. पंधरा दिवसांनी बेरीज केली तर मी रोज आठ तास अंथरुणात होते आणि त्यातली झोप जेमतेम पाच. तीन तास मी अंथरुणात जागं राहायची रोज प्रॅक्टिस करत होते असंच म्हणा ना. मेंदूला सवयच लागते, अंथरूण दिसलं की काळजी सुरू.

मग जे सांगितलं ते ऐकून मी आधी नाहीच म्हटलं. उठायची वेळ साडेपाच, ती हलवायची नाही, रविवारी पण नाही. आणि झोपायला जायचं साडेअकराला. त्याच्या आधी अंथरुणाला पाठ टेकायची नाही. कमी झोपणाऱ्या बाईला अजून उशिरा झोपायला सांगताय? पण यामागे तोच दाब आहे, जागं राहण्याचा वेळ वाढवला की दाब वाढतो, झोप पटकन लागते आणि मधे तुटत नाही. पहिला आठवडा भयंकर गेला, खोटं कशाला सांगू, आठ दिवस मी घरात सगळ्यांवर खेकसत होते. दुसऱ्या आठवड्यात पडल्या पडल्या झोप लागायला लागली. तिसऱ्या आठवड्यात वहीत एका दिवशी ‘मधे जाग’ या रकान्यात शून्य लिहिलं, तो आकडा मी निळ्या पेनाने दोनदा गिरवला. अंथरुणातला जवळजवळ सगळा वेळ झोपेत जायला लागला की मग झोपायची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे आणायची, काही दिवस थांबायचं, परत पंधरा. असं करत मी आता सव्वादहाला झोपते आणि साडेपाचला उठते.

ही पद्धत माझ्या डॉक्टरांनी घरी शोधलेली नाही बरं का. झोप कमी करून सुधारायची ही कल्पना आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये मांडली आणि अंथरुणाशी बिघडलेलं नातं दुरुस्त करायची पद्धत त्याआधीची, १९७२ ची, रिचर्ड बूटझिन यांची. या सगळ्याला मिळून आता सीबीटी-आय म्हणतात, म्हणजे विचार आणि सवयी बदलून निद्रानाशावर करायचा उपचार, आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने सांगितलंय की मोठ्या माणसांच्या जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी हे द्या. फक्त एक, फिट्स येत असतील, बायपोलरचा त्रास असेल किंवा काम ड्रायव्हिंगचं, मशीनवरचं असेल तर झोप कमी करायचा हा भाग स्वतःच्या मनाने करू नका, डॉक्टरांच्या देखरेखीखाली करा. आणि कुणाला आधीच झोपेच्या गोळ्या चालू असतील तर त्या एकदम बंद करायच्या नाहीत, त्याही विचारूनच हळूहळू कमी करायच्या.

बूटझिन यांचा नियम म्हणजे झोप येत नसेल तर उठा. साधारण वीस मिनिटं झाली असं वाटलं की अंथरूण सोडा, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा, डोळे मिटायला लागले की परत या. आता वन बीएचकेमध्ये रात्री तीनला उठून जायचं कुठे, हॉलमध्ये लेक झोपलेली. मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून लसूण सोलायचे. ओट्याखालचा छोटा बल्ब, मांडीवर ताट, एकेक पाकळी. घाई नाही, स्क्रीन नाही, डोक्याला काम नाही. वाटीभर व्हायच्या आत जांभया सुरू व्हायच्या.

आता किती झोप पाहिजे. मोठ्या माणसाला रोज किमान सात तास, हे अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या दोन संस्थांनी २०१५ मध्ये एकत्र बसून, सगळा अभ्यास बघून ठरवलं. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा, सहा ते बारा वयाच्यांना नऊ ते बारा, तीन ते पाचच्या पिल्लांना दुपारची धरून दहा ते तेरा. हे वाचलं की हमखास कुणीतरी म्हणतं मला सहा तास पुरतात, वर्षानुवर्षं मी तेवढंच झोपतो. यावर पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातला २००३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे जो मी भेटेल त्याला सांगते. धडधाकट लोक घेतले, काहींना रोज आठ तास, काहींना सहा, काहींना चार तासच झोपू दिलं, असं चौदा दिवस, आणि रोज त्यांचं लक्ष किती टिकतं, बटण किती पटकन दाबतात ते मोजलं. सहा तासवाल्यांचा परफॉर्मन्स दिवसेंदिवस घसरत गेला आणि शेवटी शेवटी एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतका खाली आला. पण त्यांना विचारलं झोप येतेय का, तर पहिल्या काही दिवसांनंतर ते म्हणायचे ठीक आहे की, सवय झाली. म्हणजे घसरण चालूच आणि घसरल्याची जाणीव मात्र थांबलेली. ‘मला पुरतं’ हे आपण ज्या मेंदूने ठरवतो तोच अर्धवट झोपेत असतो, मग त्याच्या मतावर कितपत विसंबायचं? कमी झोपेत खरंच ठणठणीत राहणारी माणसं असतात, पण फार थोडी. सुट्टीच्या दिवशी अलार्म न लावता तुम्ही दोन-तीन तास जास्त झोपत असाल तर तुम्ही त्यातले नाही.

आणि रविवारी ती उधारी फेडू म्हणून साडेनऊपर्यंत झोपलं तर घड्याळही उशिरावर सरकतं. साडेपाचऐवजी साडेनऊ म्हणजे चार तास, जवळजवळ लंडनला जाऊन आल्यासारखं, आणि मग रविवारी रात्री झोप लागत नाही आणि सोमवारी सकाळी जीव जातो. फारच थकला असाल तर तासभर जास्त झोपा, किंवा दुपारी वामकुक्षी घ्या, वीस मिनिटांची, तीनच्या आत. आपल्या आजोबांची वामकुक्षी काही आळस नव्हता, दुपारी शरीराचं घड्याळ खरंच जरा मंदावतं, न जेवतासुद्धा. फक्त ज्यांना माझ्यासारखा रात्रीचा त्रास आहे त्यांनी काही दिवस तीही टाळायची.

मुलांबद्दल मला मनापासून बोलायचंय. माझी लेक यंदा दहावीला आहे, सकाळची शाळा. रात्री साडेअकराशिवाय तिला झोप येत नाही आणि सकाळी तिला उठवताना माझा जीव तुटतो. आधी मला वाटायचं मोबाईलमुळे, थोडं ते आहेच, पण वयात येताना मुलांचं घड्याळच उशिरावर सरकतं, दोन तासांपर्यंतसुद्धा, आणि विशी उलटत आली की परत अलीकडे येतं. म्हणजे आपल्याला सकाळी सहा जसे वाटतात तसे तिला पहाटेचे चार. तिला आळशी म्हणणं अन्याय आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत आपल्या सरकारने निर्णय घेतला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका, चांगलंच केलं, पण खरं बघायला गेलं तर लहान मुलं आपणहून लवकर झोपतात आणि लवकर उठतात, ज्यांना सकाळची शाळा सगळ्यात जास्त बाधते ती आठवीपासून बारावीपर्यंतची मुलं, आणि तीच या निर्णयातून राहिली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ सालीच सांगितलंय की मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी नकोत. आपल्याकडे दोन शिफ्टच्या शाळा, इमारती कमी, अडचणी खऱ्या आहेत, पण लहानांना दुपारी आणि मोठ्यांना सकाळी या वाटणीचा तरी कुणीतरी नीट विचार करावा. तोवर मी एवढंच करते की क्लासनंतर तिला दुपारी अर्धा तास पडू देते, रात्री अभ्यासाला दहानंतर बसवत नाही, आणि रविवारी एक तास जास्त.

मोबाईलच्या उजेडाबद्दल खूप बोलतात, निळा प्रकाश वगैरे. उजेडाने मेलॅटोनिन, म्हणजे अंधार झाला असं शरीराला कळवणारं हार्मोन, उशिरा सुटतं हे खरं, पण मला विचाराल तर त्या उजेडापेक्षा आपण काय बघतो आणि किती वेळ बघतो त्याने जास्त नुकसान होतं. पाच मिनिटं म्हणून उघडलेल्या रील्सला तासभर. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यावर पैसे घालण्यापेक्षा चार्जर स्वयंपाकघरात लावा आणि अलार्मसाठी साधं टेबल घड्याळ आणा, तोंड भिंतीकडे करून ठेवा.

आणि एक गोष्ट आमच्या आईची. लहानपणी झोप येत नसली की ती तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासायची, वाटी काळी होईपर्यंत. ‘उष्णता निघते’ म्हणायची. वाटी काळी होते ती धातूमुळे, पण आईची युक्ती मला आता नव्याने पटते. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, आणि ते उतरतं हाता-पायांतून, तिथल्या रक्तवाहिन्या फुलल्या की आतली ऊब बाहेर जाते. १९९९ मध्ये स्विस संशोधकांनी ‘नेचर’मध्ये हेच छापलं होतं, हात-पाय कोमट असले की झोप लवकर लागते. चोळल्याने पाय कोमट होणारच. झोपायच्या तास-दीड तास आधी गरम पाण्याने अंघोळ केली तरी हाच परिणाम, बाहेर आल्यावर शरीर थंड व्हायला लागतं.

शिफ्टवाल्यांना वरचे निम्मे नियम लागू करता येत नाहीत, त्याचं मला खूप वाईट वाटतं. माझा दीर चाकणला कंपनीत आहे, एक आठवडा फर्स्ट, मग सेकंड, मग नाईट. घड्याळ २४ तासांहून जरा मोठं असल्यामुळे पुढे सरकणं सोपं जातं, म्हणून फर्स्टनंतर सेकंड, मग नाईट हा क्रम बरा, उलटा क्रम त्रासाचा. नाईट करून घरी येताना तो गॉगल लावतो म्हणजे सकाळच्या उन्हाने घड्याळ जागं होत नाही, खोलीला जाड काळे पडदे आहेत आणि जाऊबाईंनी दारावरची बेल दुपारपर्यंत बंद ठेवायची सवय लावलीये. घरच्यांनी एवढं केलं तरी खूप असतं. दिवसा झोपलेल्या माणसाला ‘जरा दळण आणून दे’ म्हणून उठवू नका.

काही गोष्टींवर मात्र सवयी बदलून भागत नाही. घोरणं म्हणजे गाढ झोप हा आपल्याकडचा मोठा गैरसमज. जोरात घोरता घोरता आवाज एकदम बंद, काही सेकंद श्वासच नाही आणि मग गचका देऊन परत सुरू, असं होत असेल तर तो स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो. झोपेत घसा मिटतो, ऑक्सिजन खाली जातो, मेंदू दचकून जागा होतो, आणि हे रात्रीत शेकडो वेळा होऊ शकतं. माणूस आठ तास झोपून पण दिवसा पेंगतो, सकाळी डोकं दुखतं, बीपी आटोक्यात येत नाही. स्वतःला हे कळत नाही, शेजारी झोपणाऱ्यालाच कळतं, म्हणून मोबाईलवर दोन मिनिटं रेकॉर्ड करून डॉक्टरांना ऐकवा, ते स्लीप स्टडी करायला सांगतील, आणि त्यावर सीपॅप नावाचं हवेचं मशीन आहे, १९८१ पासून. दारूचा एक पेग घेतला की झोप छान लागते म्हणणाऱ्यांनी हेही बघा की दारूने घसा अजून सैल पडतो आणि पहाटेची झोप तुटते. दुसरं म्हणजे रात्री अंथरुणात पडलं की पायात वळवळ, हलवल्याशिवाय चैन नाही, चाललं की बरं वाटतं. बायका याला थकवा म्हणून सोडून देतात, पण पुष्कळदा मागे लोह कमी असतं. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनची, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची, तपासणी करायला सांगा, नुसतं हिमोग्लोबिन ठीक आलं म्हणून थांबू नका.

शेवटचं, गाडीचं. ऑस्ट्रेलियात तपासून बघितलंय की सलग सतरा तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा वागतो. आपल्या कायद्याची मर्यादा ०.०३ आहे. सकाळी साडेपाचला उठलेला माणूस दिवसभर काम करून रात्री साडेदहाला स्टेअरिंगवर बसला की सतरा तास भरले. आणि त्यात पहाटे दोन ते पाच हा घड्याळाचा सगळ्यात खालचा काळ, तेव्हा शरीर काहीही झालं तरी झोपायला बघतं. आम्ही दरवर्षी गणपतीला चिपळूणला जाताना ट्रॅफिक नको म्हणून ऑफिसमधून आल्यावर रात्री अकराला निघायचो. चार वर्षांपूर्वी पोलादपूरच्या पुढे पहाटे गाडी हळूच डावीकडे जायला लागली, मी सहज बाजूला बघितलं तर नवऱ्याचे डोळे उघडे होते पण तो रस्त्यावर नव्हता. मी ओरडले म्हणून वाचलो. काच खाली करणं, मोठ्याने गाणी, बडीशेप चघळणं, यातल्या कशाने ही झोप जात नाही. गाडी बाजूला सुरक्षित जागी घ्या, एक कप कॉफी प्या आणि लगेच वीस मिनिटं झोपा, उठेपर्यंत कॉफी चढलेली असते, आणि तेही तात्पुरतंच.

यंदा आम्ही रात्री निघत नाही. सामान आदल्या संध्याकाळी डिकीत, दहाला सगळे झोपणार, पाचला गाडी सुरू. सासूबाईंना सांगून ठेवलंय, आम्ही दुपारच्या जेवणाला पोचतो, मोदकांची उकड आम्ही आल्यावरच काढा.